कासवाला दूधपोळी नको

देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. आपण त्याच्या पाठीला हात लावतो, तो हात कपाळाला लावतो आणि आत जातो. त्या कासवाला खायला-प्यायला काही लागत नाही, म्हणून त्याचे बरे चालले आहे. घोटाळा होतो तो जिवंत कासव घरी आल्यावर. मग घरातला प्रत्येक जण त्याला स्वतःला आवडणारा पदार्थ खाऊ घालू लागतो.

वाचकहो, हा लेख लिहायला बसलो त्याला कारण माझीच एक चूक आहे. म्हणून आधी ती सांगतो, म्हणजे पुढचे सांगायचा मला अधिकार राहील.

सोलापूर जिल्ह्याच्या कोरडवाहू भागातील एका गावी मुरघासाचे प्रात्यक्षिक होते. खड्डा भरून झाला, कागद झाकून झाला आणि आम्ही चार माणसे एका शेतकऱ्याच्या ओसरीवर चहाला बसलो. त्यांची पाचवीतली मुलगी हातात पाटी घेऊन आली. पाटीत तळहाताएवढे कासव होते. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांची चांदणी उमटलेली. तिचा चुलता मालट्रकवर असतो, त्याने आंध्रकडच्या फेरीत रस्त्याकडेला कुणाकडून तरी पैसे देऊन आणले होते. घरात कासव असले की लक्ष्मी टिकते, असे त्याला कोणी सांगितले होते.

"काका, याला काय घालू? आजी म्हणते दूधपोळी घाल."

तीस वर्षे गावोगाव जनावरांच्या चाऱ्यावर बोलणारा मी. हातातली कपबशीही खाली न ठेवता सांगून मोकळा झालो, "भाजीपाला घाल. कोबी, टोमॅटो, काकडी. वाढते जनावर आहे, तेव्हा प्रथिने पाहिजेत. भिजवलेली हरभऱ्याची डाळ देत जा, गव्हाचा भुसा चिमूटभर दिलास तरी चालेल." पोरीने ते वहीत उतरवून घेतले. मी चहा संपवून उठलो.

दोन वर्षांनी मक्यावरच्या लष्करी अळीच्या बैठकीसाठी त्याच गावी गेलो. ती मुलगी पुन्हा पाटी घेऊन आली. कासव मोठे झाले होते, पण पाठ पाहून मी चरकलो. कवचाचा एकेक खवला टेंगळासारखा वर आला होता. कडेला अंगठ्याने दाबले तर कवच पिकल्या पपईसारखे आत जात होते. मागचे पाय ओढत होते, पोट जमिनीवरून उचलत नव्हते.

"तुम्ही सांगितलं तसंच घातलं, काका. एक दिवसही चुकवला नाही," असे म्हणून तिने वहीचे ते पान माझ्यापुढे धरले.

त्या पानाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता यात चुकले काय, ते समजून घेऊ. कासवाचे कवच म्हणजे शिंपल्यासारखे बाहेरून चढवलेले घर नव्हे. ते त्याचे हाडच आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या पसरून एकमेकींना जुळल्या, की कवच होते. वर नखासारख्या पदार्थाचे खवले असतात. म्हणजे या प्राण्याच्या अंगावर हाडाचा भार फार मोठा, आणि हाड म्हटले की कॅल्शियम आले.

तुमच्या गोठ्यातली म्हैस व्याल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग टाकते, मान पोटाकडे वळवून बसते, कान थंड पडतात. ते दुग्धज्वराचे दुखणे कॅल्शियमच्या तुटीचे, हे आता लहान पोरही सांगते. कासवाचे दुखणे त्याच जातीचे, फक्त ते सावकाश येते. म्हैस एका रात्रीत आडवी होते. कासवाला दोन-दोन वर्षे लागतात आणि तोवर ते रोज खाताना दिसते, म्हणून घरच्यांना वाटते सगळे ठीक आहे.

यात दुसरा भागीदार फॉस्फरस. आहारात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी झाले, तर रक्तातला तोल राखण्यासाठी शरीर हाडातले कॅल्शियम काढू लागते. घरातला खर्च भागेना म्हणून माळवदाची तुळई विकावी, तसा हा प्रकार. कासवाच्या खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दीडपट, शक्यतो दुप्पट हवे. आता आपल्या स्वयंपाकघराकडे बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम २५ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २२२ मिलिग्रॅम दिला आहे. हरभऱ्याच्या डाळीत कॅल्शियम ५६, फॉस्फरस ३३१. म्हणजे हिशोब बरोबर उलटा. गव्हाचा भुसा तर याहून वाईट. माझ्या वहीभर सल्ल्यातली डाळ आणि भुसा त्या पोरीने इमानाने रोज घातला, आणि ज्या कवचाला बळ मिळावे म्हणून घातला तेच पोखरले गेले. भाकरी, पोळी, भात, पाव, बिस्किटे या सगळ्यांची गत हीच.

उलट शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम ४४० आणि फॉस्फरस ७०, हादग्याच्या पाल्यात कॅल्शियम ११३० आणि फॉस्फरस ८०. दारातच झाड असते आणि आपण कोबी विकत आणतो.

दुधात कॅल्शियम असते ना, असे आजींनी मला विचारले. प्रश्न रास्त होता. पण दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न. कासव अंड्यातून निघते, त्याला आयुष्यात कधी आईचे दूध नाही. दुधातली साखर पचवण्याची सोय त्याच्या आतड्यात नाही. दूध पोटात आंबते आणि कासवाला हगवण लागते. एकादशीला कूर्मावतार म्हणून बशीभर दूध पाजण्याने पुण्य लागत असेल तर असो, कासवाला मात्र ते बाधते.

हे चांदणी कासव मुळात कोरड्या माळरानाचे, काटवनाचे. गुजरात-राजस्थानची बाजू, खाली कर्नाटक, आंध्र, तामिळनाडू आणि पलीकडे श्रीलंका हा त्याचा मुलूख. तिथे ते दिवसभर काय करते? शेळीसारखे चरते. हरळी, मारवेल यांसारखे गवत, जमिनीलगतचा पाला, गळून पडलेली फुले, फड्या निवडुंग, ऋतूत एखादे पडके फळ. चुकूनमाकून किडा-मुंगी, मेलेले काही. यातले बहुतेक गवत चोथ्याचे, आणि कासवाच्या आतड्याला हा चोथाच लागतो. आपण म्हशीला नुसती पेंड घालून वैरण बंद केली तर चार दिवसांत रवंथ थांबतो. कासव रवंथ करीत नाही, पण त्याच्याही आतड्यात वैरण कुजवणारे सूक्ष्म जीव असतात आणि त्यांना चोथाच पाहिजे. नुसते टोमॅटो, कलिंगड, केळे, आंबा अशा गोड-मऊ खाण्याने ते बिघडतात. कासव लाल-पिवळ्या रंगाकडे हौसेने धावते, म्हणून लोकांना वाटते त्याला तेच मानवते. आपली पोरेसुद्धा लाल गोळ्यांकडे धावतात.

म्हणून प्रमाण असे धरावे: चार घासांतले तीन घास गवत आणि बांधावरचा पाला. हरळी सर्वांत चांगली. पाथरी, केना चालते. जास्वंदीची पाने आणि फुले, भोपळ्याची फुले ते आवडीने खाते. फड्या निवडुंगाचे पान काटे खरडून, फोडी करून द्यावे. शेवग्याचा किंवा हादग्याचा पाला मूठभर मिसळावा. लसूणघास आठवड्यातून एखादे वेळी पुरे, कारण त्यात प्रथिने जास्त. पालक, घोळ, चुका यांत कॅल्शियम दिसते खरे, पण त्यांतले ऑक्झॅलिक आम्ल ते बांधून ठेवते. अंगी लागत नाही. कोबी-फ्लॉवर रोज घातल्यास गळ्यातल्या ग्रंथीच्या कामात अडथळा येतो. काकडीत पाणीच पाणी. उन्हाळ्यात एखादी फोड ठीक.

किती घालावे? त्याच्या पाठीच्या कवचाएवढा सैल ढीग दिवसाला. वाढत्या पिलाला रोज, मोठ्याला आठवड्यात एखादा दिवस उपास पडला तरी बिघडत नाही. सकाळी ऊन अंगावर घेऊन ते हालचाल करू लागले म्हणजे घालावे. मातीत किंवा वाळूत टाकू नये, घासाबरोबर वाळू पोटात जाऊन साठते. शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा. त्यावर खाताना चोचही घासली जाते. हो, चोचच, कासवाला दात नसतात.

कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा तुकडा जवळ ठेवावा. कासव स्वतःच कुरतडते. नाहीतर अंड्याची टरफले उकळून, वाळवून, वस्त्रगाळ पूड करून चिमूटभर पाल्यावर भुरभुरावी. पण पानाचा चुना देऊ नका, त्याने तोंड भाजते. गोठ्यातली खनिज मिश्रणाची पिशवीही उघडू नका. तिच्यात फॉस्फरस आणि मीठ गाई-म्हशीच्या हिशोबाने घातलेले असते. आणि ती कॅल्शियमची बाटली? तिच्यात ड जीवनसत्त्व असते, आणि ते जास्त झाले तर विषासारखे बाधते. म्हशीचे माप कासवाला लावणे म्हणजे बैलगाडीचा जू कोंबडीच्या मानेवर ठेवण्यासारखे आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि मी त्या पोरीला जे मुळीच सांगितले नव्हते ते. ऊन. हे कासव घरात, पलंगाखाली, पाटीत राहत होते. कितीही कॅल्शियम घाला, ते आतड्यातून रक्तात यायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते कासवाच्या अंगात उन्हातल्या अतिनील किरणांनी तयार होते. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन उपयोगाचे नाही. हे किरण काच अडवते. सकाळचे ऊन उघड्यावर मिळाले पाहिजे. मात्र शेजारी सावली हवीच. वैशाखात भर दुपारी अंगणात पालथ्या घमेल्याखाली कोंडलेले कासव तासाभरात मरते.

पाण्याचेही लोक विसरतात. माळरानाचा प्राणी म्हणून पाणी लागत नाही, हा गैरसमज. हनुवटीच्याही खालीच राहील एवढे पाणी उथळ परातीत घालून त्यात त्याला पंधरा-वीस मिनिटे बसू द्यावे. तेवढ्यात ते पिते आणि घाणही टाकते. पाणी कमी पडले तर मूत्राशयात खडे होतात. आणि पाठीवर ती टेंगळे येतात, त्यात केवळ खाण्याचा दोष नसतो. पिलाच्या वाढीच्या काळात हवा फार कोरडी राहिली तरीही ती येतात, असे आता दिसून आले आहे.

हिवाळ्यात कासव खाईनासे झाले तर घाबरून तोंडात घास कोंबू नये. त्याच्या अंगाला स्वतःची ऊब नाही, बाहेरच्या उबेवर त्याचे पचन चालते. थंडीत कोंबलेला घास पोटात कुजतो. आधी ऊब, मग अन्न.

बांधावरचा पाला म्हटले, तिथे एक सावधगिरी. अलीकडे बांधावर कोळप्याऐवजी तणनाशकाचा पंप फिरतो. फवारलेल्या बांधाचे, फवारलेल्या भाजीच्या वाफ्याचे काही देऊ नका. कण्हेर, रुई, घाणेरी, गाजरगवत या गोष्टी जनावराला घालत नाही, तशाच यालाही नको.

इतके वाचून कोणी म्हणेल, चला, आता एक कासव आणून नीट सांभाळू. थांबा. हे चांदणी कासव घरी ठेवणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. २०२२ साली त्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्याप्रमाणे हे कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहे. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड. २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक बंदी आली. इतके कडक का, तर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुसत्या एका व्यापारी ठिकाणाहून वर्षाला निदान ५५ हजार कासवे रानातून उचलली जात असल्याचे आढळले. एखादे कासव रस्त्यावर दोन-चारशे रुपयांना मिळते, तेव्हा पोत्यात गुदमरून वाटेत किती मेली असतील याचा विचार करा. 'वीस नखांचे कासव' पैशाचा पाऊस पाडते म्हणून लाखो रुपयांना गंडा घालणाऱ्या टोळ्यांबद्दल मी वेगळे लिहायला नको, वर्तमानपत्रे वाचताच.

आपल्या भागात अधिक आढळते ते पाणकासव, विहिरी-तळ्यातले. आपल्या बोलण्यात दोन्ही कासवच, पण जनावरे वेगळी. जमिनीच्या कासवाचे पाय हत्तीच्या पायासारखे खांबाचे. पाणकासवाच्या बोटांत पडदा असतो. हा फरक मी मुद्दाम सांगतो, कारण विहिरीत कासव सोडले की पाणी स्वच्छ राहते या समजुतीने चांदणी कासव विहिरीत टाकल्याचे मी पाहिले आहे. त्याला पोहता येत नाही. ते बुडून मरते.

पाणकासवाचा आहारही निराळा. ते गोगलगायी, किडे, बेडकांची पिले, लहान मासे, मेलेले प्राणी आणि पाणवनस्पती असे दोन्ही खाते. तेही पहिल्या अनुसूचीत आहे, त्यालाही पकडून आणून विहिरीत टाकायला परवानगी नाही. पण पुष्कळ जुन्या विहिरींत ते आजोबांच्या काळापासून आहे. तिथे निदान भाकरीचे तुकडे आणि सणावाराचा नैवेद्य टाकू नका. ते खाऊन कासव सुधारत नाही आणि विहिरीचे पाणी नासते. बाहेर यायला उतार नसलेल्या बांधीव विहिरीत त्याला ऊन खायलाही जागा नसते. अशा वेळी एक फळी तरंगती बांधून ठेवा आणि वनरक्षकाला कळवा.

शहरात दुकानातून परदेशी जातीचे कासव घेणारे नातेवाईक असतील, तर त्यांना सांगा की अनेक परदेशी जातींची वनखात्याकडे नोंदणी करावी लागते, तेव्हा कागद तपासा. आणि नको झाले म्हणून ते गावच्या ओढ्यात सोडायला आणू नका. लाल कानाचे अमेरिकन पाणकासव असेच सोडले जाते आणि आपल्या कासवांच्या तोंडचा घास खाते.

आता त्या पोरीच्या कासवाचे. कायद्याची गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती. सरकारी नोकर म्हणून ती माझी दुसरी चूक, आणि हीही छोटी नव्हे. मी शेतकऱ्याला सारे समजावले. चुलता थोडा तणतणला. आजी म्हणाल्या, "घरातलं लेकरू पोलिसात द्यायचं का, साहेब?" पोलिसात नाही, वनखात्यात, असे सांगून पाहिले; पण त्यांच्या लेखी फरक नव्हता. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर आम्ही आपणहून फोन केला, आणि तिसऱ्या दिवशी वनपरिक्षेत्र कार्यालयात न्यायचे ठरले. तिथे जबाब घेतला, सह्या घेतल्या. त्या घरापुरते ते तिथेच मिटले. सर्वांचे तसेच मिटेल, असे मी लिहून देऊ शकत नाही.

मधल्या दोन दिवसांत डाळ, भुसा, कोबी बंद केले. सकाळी अंगणात ऊन, परातीत पाणी, हरळी आणि शेवग्याचा पाला. पहिल्या दिवशी कासवाने पाल्याकडे पाहिलेही नाही. दोन वर्षे टोमॅटोची सवय. दुसऱ्या दिवशी जास्वंदीचे एक फूल कुस्करून हरळीत मिसळले, तेव्हा चार घास खाल्ले. तुमच्याकडेही अशी वेळ आली तर एवढेच करा. औषधपाणी घरी करू नका, आणि रानात नेऊन सोडूही नका. आजारी कासव बाहेर जगत नाही आणि त्याचा रोग तिथल्या कासवांना लागतो.

पशुवैद्यांनी पुढे चार-पाच महिने उपचार केले. कवच कडक झाले, पाय चालू लागले. टेंगळे मात्र गेली नाहीत. ती जात नसतात.

न्यायच्या दिवशी मुलीने पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून, तळाशी गवत घालून कासव त्यात ठेवले होते. झाकणावर वहीचे एक पान डिंकाने चिकटवले होते. तेच पान. माझ्या सांगण्याच्या ओळी तिने पट्टी धरून खोडल्या होत्या आणि खाली लिहिले होते: हरळी, शेवगा, जास्वंद. दूध देऊ नये. उन्हात ठेवावे.